बुधवारचा वार

'वार लावून जेवणें' म्हणजे काय, हें आमच्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु घरांतील तरुण मंडळीही हें मासिक वाचतात, म्हणून सांगतों. पूर्वीं कोंकणांतून किंवा देशावरील खेड्यांतून पुण्यास विद्येसाठीं आलेला गरीब मुलगा सात घरीं सात वार मागून घेत असे. सोमवारचें जेवण एका घरीं, मंगळवारचें दुसऱ्या घरीं, असा त्याचा आठवडा चाले. माझे वडील याच रीतीनें शिकले. एखादा वार सुटला, म्हणजे त्या दिवशीं चुरमुऱ्यांवर भागवावें लागे; आणि वार सुटण्याचें कारण बहुधा अन्नाची टंचाई हें नसे, यजमानाच्या तोंडून गेलेला एखादा शब्द हें असे, असें ते सांगत. तो शब्द कसा निघून जातो, हें मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं कळलें, आणि तेंही यजमानाच्या पाटावर बसून. निमित्त झालें तें आमच्या घरांतील संगणकाचें.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. आरंभीं काम वहींतच चाले. पण शाखा-उपशाखा वाढूं लागल्या, एकाच नांवाचे तीन-तीन पुरुष वेगवेगळ्या पिढ्यांत येऊं लागले, आणि खोडाखोडीमुळें वहीचें पान वाचवेना, तेव्हां मुलानें २०१९ सालीं घेऊन दिलेल्या संगणकाकडे मी वळलों. मी जुना मॅट्रिक. माझें संस्कृत पाठशाळेंतलें, इंग्रजी कामापुरतें, आणि टंकलेखनांत माझीं दोनच बोटें चालतात. म्हणून २०२५ च्या जूनपासून माझ्या भाच्याचा मुलगा मदतीस येऊं लागला. तो येथील एका वसतिगृहांत राहून शिकतो. बुधवारीं त्याचे तास दुपारीं असत. सकाळीं साडेनवास यावें, जुनीं पत्रें वाचून तासदीडतास मजकूर टंकित करावा, आणि मग आमच्याबरोबर जेवून कॉलेजांत जावें, असा क्रम ठरला. घरांत त्याला सारे बाळ म्हणतात. "आपल्याकडे पुन्हां वार सुरू झाला हो," असें आमच्या सौभाग्यवती पहिल्याच दिवशीं म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून बुधवारच्या भाताला एक मूठ तांदूळ अधिक पडूं लागला.

त्याच महिन्यांत संगणकास एक चमत्कारिक व्याधि जडली. एरवीं तो माझ्या दोन बोटांच्या वेगाला पुरून उरे. पण एखाद्या दिवशीं सकाळीं सुरू केल्याबरोबर त्याची गति अशी खुंटे कीं, एक अक्षर दाबावें आणि तें पडद्यावर उमटेपर्यंत एक गायत्री म्हणून व्हावी. पडद्यावरचा बाण नाहींसा होऊन त्याच्या जागीं एक कडें गरगर फिरत राही. आंतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावूं लागे, आणि मीं कांहींही काम सांगितलेलें नसतां यंत्राचा लहानसा दिवा अखंड लुकलुकत असे. दुपार टळून गेल्यावर ही व्याधि जशी आली तशी निघून जाई. दुसऱ्या दिवशीं पाहावें, तों स्वारी ठणठणीत!

दुखणें केव्हां येतें याचा मी विचार करूं लागलों, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, तें बुधवारींच येतें. बुधवारीं घरांत नवीन काय घडतें? बाळ येतो. येतांना खिशांत पेन ड्राइव्ह आणतो आणि तो यंत्रास लावतो. नातेवाइकांनीं पाठविलेल्या जुन्या कागदांचीं छायाचित्रें त्यांत असत. पण आणखीही कांहीं असेल, तर मला काय कळणार? मुलांचे खेळ, सिनेमे, फुकट मिळणाऱ्या नाना वस्तु, आणि त्यांच्या आडून यंत्रांत शिरणारे 'व्हायरस', यांविषयीं मीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचलें होतें. माझ्या मनानें निकाल देऊन टाकला. आरोपीस मात्र मीं कांहींच विचारलें नाहीं.

१३ ऑगस्टला बुधवार होता. त्या दिवशीं यंत्र पराकाष्ठेचें मंद झालें. बाळनें पेन ड्राइव्ह लावल्यावर थोड्याच वेळांत पडद्याच्या कोपऱ्यांत लाल रंगाची एक पाटी झळकली. मी चष्मा सांवरीपर्यंत ती नाहींशीही झाली. 'धोका' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तेवढा मला दिसला. बाळ कांहींतरी सांगूं लागला होता. पण मी संतापानें उठलों आणि भिंतीवरचें बटणच बंद करून टाकलें. दोन दिवस खपून लिहिलेला एका शाखेचा मजकूर जतन करावयाचा राहिला होता. तो गेला. चार पिढ्या एका क्षणांत नष्ट झाल्या! मग पानावर बसल्यावर, त्याच्या ताटांत आमटीभात वाढलेला असतां, मी म्हणालों, "बाळ, कुठले कुठले खेळ आणून घातलेस त्या यंत्रांत? आमच्या घरीं येऊन जेवतोस, तर निदान घराचें नुकसान तरी करूं नकोस."

मुलगा एक अक्षर बोलला नाहीं. खालीं मान घालून त्यानें ताट संपविलें, स्वतः नेऊन विसळून ठेवलें, "येतो, आजी," म्हणाला आणि गेला. पुढच्या बुधवारीं तो आला नाहीं. त्यानंतरचा बुधवार गणेशचतुर्थीचा. तो आपल्या घरीं गेला होता. ३ सप्टेंबरला त्याचा निरोप आला कीं, अभ्यास फार आहे. "अहो, अभ्यास काय बुधवारींच असतो का?" एवढेंच सौभाग्यवती बोलल्या. सवयीनें काढलेली तांदुळाची जास्तीची मूठ त्यांनीं पुन्हां डब्यांत टाकली, ती मीं पाहिली आणि पाहिलें न पाहिलेंसें केलें. माझें म्हणणें खरें होतें ना? बाळ येईनासा झाल्यापासून यंत्र कसें सुरळीत चाललें होतें!

आणि १० सप्टेंबर उजाडला. पितृपक्षांतली संकष्टी होती, वार बुधवार. यंत्र सुरू केलें, आणि तेंच गरगरणारें कडें, तीच गिरणी, तीच गायत्री! बाळ चार आठवडे या घरांत फिरकला नव्हता.

पाठशाळेंत असतांना गुरुजींनीं आमच्याकडून तर्कसंग्रह घोटवून घेतला होता, आणि शाळेंत मीही पुढें मुलांस काकतालीय न्याय समजावून सांगत आलों. कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. कार्यकारणभाव ठरवावयाचा तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात: कारण असेल तेथें कार्य असतें का, आणि कारण नसेल तेथें कार्यही नसतें का. चाळीस वर्षें जें शिकविलें, तें घरांतल्या मुलाला दोषी ठरवितांना माझ्या कामीं आलें नाहीं. मीं रोजनिशी काढली. ४ जूनपासून १३ ऑगस्टपर्यंत बाळ अकरा बुधवार आला होता. त्यांपैकीं यंत्र रुसल्याची नोंद तीनच बुधवारीं होती. राहिलेल्या आठ दिवशीं मुलगा होता, पेन ड्राइव्हही होता, आणि यंत्र नीट चाललें होतें. ते आठ दिवस माझ्या स्मरणांतून पार पुसले गेले होते. अन्वय आठ वेळां चुकला होता, आणि आज व्यतिरेकही चुकला.

"ते तीन दिवस कोणते?" असें मीं रोजनिशी चाळीत मोठ्यानें म्हटलें, तों स्वयंपाकघरांतून उत्तर आलें, "पहिला वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, दुसरा गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशीं, आणि तिसरा अंगारकीच्या दुसऱ्या दिवशीं. आज संकष्टी." मीं पंचांग घेऊन बराच वेळ तिथि जुळवून पाहिल्या, कांहीं मेळ बसेना. मग शेवटीं इंग्रजी तारखा एका खालीं एक लिहिल्या: ११ जून, ९ जुलै, १३ ऑगस्ट, १० सप्टेंबर. चारही बुधवार, आणि चारही त्या त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवसाचे!

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्याला दूरध्वनि केला आणि माझी उपपत्ति सांगूं लागलों. तो नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला काय वाटतं तें नंतर सांगा. आधीं यंत्र काय म्हणतंय तें मला वाचून दाखवा." त्यानें सांगितल्याप्रमाणें मीं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळी एकत्र दाबल्या. 'टास्क मॅनेजर' नांवाचा तक्ता उघडला. त्यांत यंत्रांत चाललेल्या प्रत्येक कामाचें नांव आणि तें किती शक्ति खातें याचे आंकडे असतात. 'डिस्क' म्हणजे संग्रहाच्या तबकडीच्या रकान्यांत शंभर टक्के दिसत होते. त्या रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारतांच अधिक खाणारे वर आले. पहिला 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', दुसरा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर', आणि तिसरा मीं पूर्वीं दुकानांतून विकत आणलेला अँटिव्हायरस. "आतां यंत्राची रोजनिशी काढा," तो म्हणाला. यंत्रही रोजनिशी ठेवतें हें मला ठाऊक नव्हतें. शोधाच्या चौकटींत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहितांच ती उघडली. दिवसागणिक एक रकाना; कोणत्या दिवशीं काय बसविलें, काय बिघडलें, याची त्यांत नोंद. माझ्या चार बुधवारांच्या रकान्यांत दुरुस्ती बसविल्याच्या नोंदी होत्या. १३ ऑगस्टच्या रकान्यांत मात्र एक लाल फुली होती, आणि तिच्याखालीं लिहिलें होतें कीं, यंत्र योग्य रीतीनें बंद केलें गेलें नाहीं. बाळच्या नांवावर त्या रोजनिशींत एकही अपराध नव्हता. जो एक होता तो माझा.

पुढें त्यानें जो उलगडा केला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून माझ्या शब्दांत देतों. बहुतेकांच्या घरच्या संगणकांत विंडोज ही प्रणाली असते. तिच्यांतील उणिवा बुजविणाऱ्या दुरुस्त्या, ज्यांस 'अपडेट' म्हणतात, त्या मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ च्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं देत आली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळीं सकाळचे दहा वाजलेले असतात. तेथील उन्हाळ्यांत तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असतात. आमच्या घरीं दहालाच निजानीज होते. म्हणून ती दुरुस्ती आमच्या यंत्राच्या हातीं पडावयाची ती बुधवारीं सकाळीं.

ही दुरुस्ती गठ्ठा बांधून येते. तो सोडावा लागतो, आंतील हजारों लहान-मोठ्या फायली तबकडीवर मांडाव्या लागतात, प्रत्येकीची खूण पटवून पाहावी लागते, आणि काम फसलें तर मागें फिरतां यावें म्हणून जुन्या फायली जपून ठेवाव्या लागतात. आतां यंत्राच्या दाराशीं अँटिव्हायरस नांवाचा द्वारपाल उभा असतो. नवी फाईल दिसली कीं ती उघडून तपासावयाची, हा त्याचा धर्म. ओळखीच्या फायलींस तो पुन्हां पुन्हां अडवीत नाहीं. पण दुरुस्तीबरोबर आलेल्या साऱ्याच फायली त्याला अनोळखी. वैकुंठाच्या दारीं जयविजयांनीं सनकादिकांस अडविलें, तसा हा दुरुस्तीसाठीं आलेल्या सुतार-गवंड्यांची एकेक थैली उघडून पाहतो.

माझ्या घरीं तर द्वारपाल दोन होते. विंडोजबरोबर डिफेंडर नांवाचा एक राखणदार येतोच. बाहेरचा दुसरा नेमला, म्हणजे पहिला आपण होऊन बाजूला होतो; दुसऱ्याची मुदत संपली, म्हणजे पहिला पुन्हां दारांत येऊन उभा राहतो. विकत आणलेल्याची मुदत मे महिन्याच्या अखेरीस संपली होती, आणि मीं पैसे भरले नव्हते. पण काढून न टाकल्यामुळें तो गेलाही नव्हता. १३ ऑगस्टला झळकलेली लाल पाटी बाळच्या पेन ड्राइव्हविषयीं नव्हतीच. 'तुमची मुदत संपली आहे, संरक्षण धोक्यांत आहे,' असें ती मला सांगत होती. म्हणजे जूनपासून प्रत्येक फाईल दोनदां तपासली जात होती. आणि जूनपासूनच बाळ येऊं लागला होता. कावळा आणि ताडफळ यांची गांठ ती हीच.

त्यांत संग्रहाची तबकडी जुन्या पद्धतीची, फिरणारी. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. ऐकावयास हा वेग मोठा वाटतो. पण हवी ती जागा सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें चार सहस्रांश सेकंद लागतात, आणि सुई योग्य वर्तुळावर सरकण्यास त्याहून अधिक. अशा रीतीनें सेकंदांत शंभराच्या आंतबाहेरच निरनिराळ्या जागा गांठतां येतात. एका सुईला तिघांनीं तीन दिशांस ओढलें, तर माझ्या एका अक्षरास कोण विचारतो!

चौथें कारण माझी काटकसर. रात्रीं दहाला भिंतीवरचें बटण बंद करणें हा माझा नेम. परंतु यंत्राची साफसफाई आणि तपासणी ठरलेली असते ती रात्रीं दोनला, घरधनी निजलेला असतां. तेव्हां वीज नसली कीं तीं कामें दिवसावर पडतात, आणि मी चहाला उठलों, कीं यंत्र मोकळें समजून तीं सुरू होतात. बटण मध्येंच बंद केल्यानें तर अर्धी झालेली दुरुस्ती उलटी फिरवून दुसऱ्यांदा करावी लागते. वर्गांत एखादा मुलगा डुलक्या घेई, त्याला मी आळशी म्हणत असें. तो रात्रीं घरीं काय काम करून आला आहे, हें विचारण्याची मला फारशी आठवण होत नसे. यंत्राच्या बाबतींतही तेंच घडलें. ज्या सकाळीं तें मला मंद दिसलें, त्याच सकाळीं तें सर्वांत अधिक राबत होतें.

हें सारें ऐकून मी विचारलें, "मग हे अपडेट आणि हे राखणदार बंदच करून टाकले तर?" शिष्यानें मला २०१७ ची गोष्ट सांगितली. विंडोजमधील एका उणिवेवरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला निघाली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली ते निर्धास्त राहिले. ज्यांनीं बसविली नाहीं, त्यांच्या यंत्रांत १२ मेपासून वॉनाक्राय नांवाचा कीटक त्याच भगदाडांतून शिरला. त्यानें फायली कुलुपांत घालून खंडणी मागितली. दीडशेंहून अधिक देशांत त्याचा उपद्रव झाला, आणि इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोगी परत पाठवावे लागले. दोन महिने औषध घरांत होतें, तें घेतलें नाहीं, एवढाच अपराध!

तथापि द्वारपालही चुकतात, हेंही त्यानें लपविलें नाहीं. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफीच्या अँटिव्हायरसानें विंडोज एक्सपीमधील एका अत्यावश्यक फाईलीसच व्हायरस समजून धरलें, आणि असंख्य यंत्रें पुन्हां पुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागलीं. आमच्या वेदान्त्यांचा रज्जुसर्प तो हाच; दोरीला साप समजून काठी घातली, आणि विहिरीचा पोहराच तुटला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या राखणदाराच्या स्वतःच्याच सदोष दुरुस्तीनें जगांतील सुमारें ८५ लाख यंत्रें ठप्प झालीं, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले, हें वाचकांस आठवत असेल. म्हणून राखणदार असावा, पण एकच असावा; आणि त्यानें कोणाला धरलें तें पाहिल्यावांचून शिक्षा होऊं नये.

त्या दिवशीं मी काय केलें तें क्रमानें सांगतों. प्रथम यंत्रास त्याचें काम करूं दिलें, आणि तें संपल्यावर त्यानें मागितल्याप्रमाणें पुन्हां सुरू केलें. मुदत संपलेला अँटिव्हायरस 'सेटिंग्ज'मधील यादींतून काढला, आणि त्याच्या कंपनीनें दिलेल्या साधनानें उरलेंसुरलेंही पुसलें. टास्क मॅनेजरमधील जीं नांवें मीं वाचलीं, तींच धारण करून एखादा चोरही बसलेला असूं शकतो. म्हणून प्रत्येक नांवावर उजवी टिचकी मारून त्याची फाईल कोठें आहे आणि तिच्यावर सही कोणाची आहे, तें पाहिलें. पेन ड्राइव्हची शंका उरूं नये म्हणून डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणीही करविली; तींत विंडोज जागें होण्यापूर्वींच यंत्र झाडून पाहिलें जातें. कांहीं सांपडलें नाहीं. खरा व्हायरस दुसरा मंगळवार पाहून येत नाहीं, आणि दुपारच्या जेवणानंतर आपण होऊन जातही नाहीं. तारखेशीं संबंध नसलेली, पुन्हां सुरू करूनही न जाणारी मंदता दिसेल, तेव्हां जाणत्यास दाखवावें. मंगळवारच्या रात्रीं भिंतीवरच्या बटणास हात लावावयाचा नाहीं, असा नियम मीं त्याच दिवशीं केला. फिरती तबकडी काढून तिच्या जागीं न फिरणारा नवा संग्रह मात्र पुढें दिवाळीच्या आधीं बसविला. त्यांत सुईच नाहीं.

यंत्राचें निदान झालें. पण खरें दुखणें राहिलेंच होतें. चार दिवसांवर वडिलांची पक्षांतील तिथि आली होती. ज्यानें वार लावून विद्या केली, त्याच्या नांवानें पान वाढावयाचें, आणि त्याच घरांतून एक विद्यार्थी ताटावरून शब्द ऐकून गेलेला! आदल्या दिवशीं संध्याकाळीं मी वसतिगृहावर गेलों. तो जिन्यांतच भेटला.

"आजोबा, तुम्ही कशाला आलांत एवढ्या लांब? मला बोलवायचं होतं."

"बाळ, माझी चूक झाली. यंत्रांत तुझा कांहीं दोष नव्हता. मी तुला नाहीं तें बोललों."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला त्याच दिवशीं माहीत होतं, अपडेट चाललंय म्हणून."

"मग बोलला कां नाहींस रे?"

"तुम्ही विचारलंच नाहींत, आजोबा. तुम्ही सांगितलंत."

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याला दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आमंत्रण दिलें आणि परत आलों. तो येईल कीं नाहीं, याची मला खात्री नव्हती. पण बाराच्या सुमारास दार वाजलें. सौभाग्यवतींनीं कांहींएक न बोलतां त्याच्या पानावर खिरीची दुसरी वाटी ठेवली.

त्यानंतर त्याचे बुधवार पूर्ववत् सुरू झाले. गेलेल्या चार पिढ्या त्यानें दोन बुधवारांत पुन्हां लिहून काढल्या. त्यांत माझ्याकडून राहून गेलेलें एका विधवा आत्याचें नांवही त्याला एका पत्रांत सांपडलें, आणि तें आतां कुलवृत्तान्तांत आलें आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार अजूनही येतो आणि दुरुस्तीही येते. पण पूर्वीं जिला सारी सकाळ पुरत नसे, ती आतां अर्ध्यापाऊण तासांत आटोपते. त्या दिवशीं आम्ही क्रम बदलला आहे. यंत्र सुरू करून त्याला त्याचें काम करूं देतों, आणि आम्ही आधीं जेवावयास बसतों.